सोळानंतर अठरा

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. पाट म्हटले की तुम्हांला वाटेल, याच्यावर बसून माणसे जेवली असतील. नाही हो. माझ्यावर बसून कोणी घासभर खाल्लेले मला आठवत नाही. इतर पाटांच्या पोटाला दोन पट्ट्या असतात, मला वीतभर उंचीचे चार पाय आहेत. त्यांतला मागचा डावा डुगडुगतो. माझ्या पाठीवर मधोमध दोन उथळ खळगे आहेत, शेजारीशेजारी. ते कसे पडले, तेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म एका मोडक्या बाकातून झाला. चौथीच्या वर्गात शेवटच्या रांगेत तो बाक होता. उड्या मारमारून पोरांनी एके दिवशी त्याचे कंबरडे मोडले. मुख्याध्यापक म्हणाले, जळणात टाका. शाळेच्या सुतारकाकांनी फळी उलटीपालटी करून पाहिली, बोटाने ठोकली आणि म्हणाले, "लाकूड खणखणीत आहे साहेब. त्या नव्या बाईंना काहीतरी करून देतो. त्यांचा हात फळ्याच्या वर पोचत नाही." असा मी झालो. माझ्या कडेला अजून कोणीतरी कर्कटकाने कोरलेला त्रिकोण आहे आणि शाईचा एक डाग. काकांनी तो पुष्कळ घासला, पण गेला नाही.

नव्या बाई खरेच फार बुटक्या होत्या. मी येण्यापूर्वी फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा राहत असे. पोरांनी त्यांचे नाव 'अर्धा खडू' ठेवले होते आणि बाईंना ते ठाऊक होते. एकदा फळ्यावर कोणीतरी चष्मा घातलेला अर्धा खडू काढून ठेवला. बाईंनी चित्र पुसले नाही. चष्म्याची एक काडी काढायची राहिली होती, ती त्यांनी काढली आणि धडा सुरू केला.

मी जमिनीलगत राहणारा. माणसांची तोंडे मला क्वचित दिसतात, म्हणून मी माणसे पायांवरून ओळखतो. थाप मारणारा मुलगा एक पाय दुसऱ्या पायावर घासतो. उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलीचे अंगठे चुळबुळत राहतात. बाईंच्या चपला उजव्या टाचेला झिजलेल्या असत आणि रोज सकाळी त्यांना चर्चच्या अंगणातली वाळू लागलेली असे. बाई कॅथलिक होत्या, आणि नुसत्या नावाला नव्हे. शाळेआधी चर्चमधली सकाळची मिस्सा चुकली तर त्यांचा दिवस सुना जाई. पण वर्गात त्यांनी कधी देवाचा धाक घातला नाही. शेजारच्या वर्गातले गुरुजी "देव बघतोय" म्हणून पोरांना दरडावत, तेव्हा बाई हळूच म्हणत, "देवाला तेवढंच काम आहे का?"

बाईंचे लग्न एका घड्याळजीशी झाले होते. लग्नानंतर सहा वर्षांनी त्यांना एक मुलगी झाली. ती आठ महिन्यांची असताना छातीच्या दुखण्याने इस्पितळात पडली. तिला श्वास घेता येईना. तिथे संध्याकाळी तासभरच आत सोडत, आणि बाईंच्या रजा बाळंतपणातच संपल्या होत्या, म्हणून दिवसा त्या वर्गात उभ्या राहत. त्या आठवड्यात एकदा बेरीज चुकली, तर एकाही पोराने ती दाखवून दिली नाही.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत पोरे बाहेर पळाली. बाईंनी दार लोटले, माझ्यापाशी आल्या आणि पहिल्यांदाच माझ्यावर पायांऐवजी गुडघे टेकले.

"देवा," त्या म्हणाल्या, "एवढी पोर मला ठेव. पुन्हा हिच्यासाठी तुझ्याकडे काही म्हणजे काही मागणार नाही. हिचं नावसुद्धा तुझ्यापुढे काढणार नाही. हे एवढंच, शेवटचं."

हे ऐकायला वर्गात देव होता आणि मी होतो. सोमवारी मुलीचा ताप उतरला, श्वास मोकळा झाला. मंगळवारी बाई माझ्यावर इतक्या जोरात चढल्या की माझा मागचा डावा पाय तेव्हापासून डुगडुगतो. त्यांनी फळ्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात एक फूल काढले आणि महिनाभर ते कोणाला पुसू दिले नाही.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, चला, गोड झाले. मलाही तसेच वाटले होते. पण पुढच्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाई पुन्हा माझ्यावर गुडघे टेकून बसल्या आणि त्यांना काही बोलता येईना. देवाला सांगण्यासारखे त्यांच्याकडे एकच नाव होते आणि तेच घ्यायचे नव्हते. मग हात लांब करून त्यांनी टेबलावरचा हजेरीपट ओढला, आणि पोटात साठलेली सगळी प्रार्थना दुसऱ्यांच्या लेकरांसाठी वापरायला सुरुवात केली.

तेव्हापासून रोज शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात दुसरी हजेरी होऊ लागली. सकाळची हजेरी पोरांसाठी, ही देवासाठी. क्रमांक, नाव आणि एक मागणे. "सात. हिला चष्मा लागलाय, घरी कोणाच्या लक्षात येत नाही, येऊ दे." "अकरा. याची जीभ जरा आवर. फार नको, जरा." "बत्तीस. याच्या बापाला काम मिळू दे." फळ्यापाशी उभे राहायला म्हणून आणलेला मी, आता दिवसा पायांखाली आणि संध्याकाळी गुडघ्यांखाली असे. आणि एक गोष्ट फक्त मला कळत होती. शेवटचा क्रमांक झाला, हजेरीपट मिटला, तरी बाई उठत नसत. वर्गात बेचाळीस मुले असोत की पन्नास, सगळी नावे संपल्यावर त्या एक नाव घेण्याइतका वेळ थांबत. त्या वेळी त्यांच्या गुडघ्यांचे वजन एकदम वाढे. दिवसभर उभे राहूनही त्या माझ्यावर एवढ्या जड कधी झाल्या नाहीत.

मुलगी मोठी झाली आणि चौथीत आईच्याच वर्गात आली. बाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावले, "फाटकाच्या आत मी बाई, बाहेर आई." मुलीने ते निमूट ऐकले. तिचा क्रमांक सतरा होता; जीभ न आवरणारा तो अकरा नंबर याच वर्गातला. सकाळच्या हजेरीत बाई तिचे नाव इतरांसारखेच घेत, आणि ती "हजर, बाई" म्हणे. संध्याकाळी मात्र तिला दाराशी थांबावे लागे, कारण आईशिवाय घरी कशी जाणार? तिचे मोजे घसरलेले असत, पोटात कावळे ओरडत असत, आणि नावे संपल्यावरही आई उठत नाही म्हणून ती उंबऱ्यावर टाच आपटत असे.

एके दिवशी ती टाच थांबली. पोरीने पहिल्यांदाच नीट कान दिला होता. "पंधरा. सोळा. अठरा." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती आत आली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, सतरा राहिला."

माझ्यावरचे गुडघे जड झाले.

"बाई, सतरा राहिला ना?"

"चल, उशीर झाला. बाबा वाट बघत असतील," बाई म्हणाल्या.

वचन म्हणजे काय ते नऊ वर्षांच्या पोरीला कसे सांगणार, असे त्यांना वाटले असेल. की सांगितले तर ते मोडेल, अशी भीती होती? मला तोंड असते तर मी त्याच क्षणी बोललो असतो. पण मी पडलो लाकूड. माझ्यासमोरच्या त्या छोट्या बुटांच्या टाचा एकमेकींना चिकटल्या आणि मागे वळल्या. त्या दिवसापासून ती मुलगी आईला फाटकाबाहेरही बाईच म्हणू लागली. आधी सगळे हसले. घड्याळजी म्हणायचे, "घरात एक बाई आणि एक विद्यार्थिनी, मी कुठल्या तुकडीत?" मग हसणे संपले, पण बाई म्हणणे राहिले.

वर्षे गेली. बाईंना चांगल्या शिक्षिकेचे मानपत्र मिळाले. एका समारंभात सुतारकाकांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितले, "त्यातलं निम्मं या पाटाचं." तेवढीच माझी स्तुती. पुढे फळे बदलले, नवे फळे खाली बसवले, आणि दिवसा मला बादली आणि झाडूशेजारी कोपऱ्यात ढकलले. पाण्याच्या ओल्या बादल्या माझ्यावर ठेवल्या जात. संध्याकाळ झाली की बाई मला ओढून काढत, पदराने पुसत आणि गुडघे टेकत. घड्याळजी गेले. मुलगी शिकून दूरच्या शहरात गेली आणि चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासू लागली. चर्चला जाणे तिने सोडले, असे बाईंना कोणीतरी सांगितले. त्या दिवशी शेवटच्या नावानंतर बाई फार वेळ बसल्या.

निवृत्तीच्या दिवशी शाळेने बाईंना भिंतीवरचे घड्याळ दिले. घड्याळजीच्या बायकोला घड्याळ! त्यांनी हसून घेतले आणि विचारले, "तो पाट नेऊ का?" असा मी घरी आलो. सगळ्या तुकड्यांच्या हजेरीपटांच्या नकला बाईंनी आधीच वह्यांत करून ठेवल्या होत्या. खिडकीखाली, भिंतीवरच्या क्रुसासमोर मला ठेवले. रोज संध्याकाळी एक वही. बाप झालेली, परदेशी गेलेली, एकदोन तर मरून गेलेली पोरेही हजेरीत होती. माझ्या पाठीचे खळगे तोवर चांगलेच उमटले होते.

मुलगी वर्षातून एकदा, दोन दिवसांसाठी येई. तिचे बूट दाराशी असत, नाडी न सोडताच काढलेले, पटकन घालता यावेत असे. "बाई, औषधं घेता ना?" "बाई, काही हवंय का?" बाई म्हणत, "काही नको." दोघी अगदी शहाण्या माणसांसारख्या वागत, आणि ते ऐकून माझ्या अंगातले खिळे दुखत.

मग बाई न्हाणीघरात पडल्या. गुडघे गेले, हृदय थकले आणि डोळे तर आधीच विझत आले होते. लेकीने स्वतः तपासून सांगितले होते की त्यावर चष्मा नाही. आता तिने लांब रजा काढली. ती आली तेव्हा बूट तिने पहिल्यांदाच नाडी सोडून काढले. पलंगाशेजारी खुर्ची मावत नव्हती. तिने मला खिडकीखालून ओढले आणि माझ्यावर बसली.

"एक काम करशील?" तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या. "मला दिसत नाही. वही वाचशील? मी मागणं म्हणते."

लेकीने मान हलवली असणार, कारण वहीचे पान उलटल्याचा आवाज आला. ती क्रमांक आणि नाव वाचे, बाई मागणे म्हणत. असे दहाबारा दिवस गेले. एका संध्याकाळी तिने वही उघडली आणि तिचे पाय ताठ झाले. ती तिच्याच वर्गाची वही होती. ती वाचत गेली. अकरा आला. "अकरा. याची जीभ..." बाई म्हणाल्या आणि थोडे हसल्या. पंधरा. सोळा. मग तिने टाचा जमिनीवर रोवल्या.

"अठरा," पलंगावरून बाई म्हणाल्या.

"इथं सतरा आहे," लेक म्हणाली. "तुमच्याच अक्षरात आहे. लिहिलंय, मग वाचायचं का नाही? सगळ्या गावाच्या पोरांसाठी मागितलंत. मी काय केलं होतं, बाई?"

त्रेचाळीस वर्षांची लेक नऊ वर्षांच्या पोरीसारखी विचारत होती. आणि बाईंनी सांगितले. इस्पितळ, मधली सुट्टी, लोटलेले दार, सगळे. फार हळू, थांबत थांबत. लेक ऐकत राहिली.

"मला कधीच का नाही सांगितलंत?"

"भीती वाटायची गं. बोललं तर मोडलं असं होईल. तू धडधाकट होतीस. मी म्हटलं, असू दे, रागावलेली का होईना, आहे ना."

दुसऱ्याच दिवशी लेकीने फादरना बोलावले. हे फादर म्हणजे दुसरे कोणी नव्हे, तर तोच क्रमांक अकरा. जीभ आवरता न आलेल्या त्या मुलाला पुढे रोज प्रवचन करायचे काम मिळाले. त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "बाई, घाबरलेल्या आईच्या तोंडून निघालेलं वचन देव असं धरून बसत नाही. तरी तुमच्या मनाला रुखरुख नको. अशा वचनातून मोकळं करायचा अधिकार चर्चने मला दिलाय. मी तुम्हांला मोकळं करतो."

"तू अकरा नंबर," बाई म्हणाल्या. "शंभरदा गृहपाठ विसरून यायचास. तुझ्या शब्दावर मी माझी पोर पणाला लावू?"

फादर हसले. "बरं. बिशपांचं पत्र आणतो."

"लेखी आण."

चौथ्या दिवशी त्यांनी खरेच पत्र आणले. बाईंनी ते दोनदा वाचून घेतले, बोटांनी कागद चाचपला आणि उशीखाली ठेवला. त्या संध्याकाळी लेक माझ्यावर बसली आणि तिने तीच वही उघडली. पंधरा. सोळा. मग तिने स्वतःचे नाव वाचले, स्पष्ट, एखाद्या हुशार मुलीसारखे.

बाईंनी श्वास घेतला. मी वाट पाहत होतो. बेचाळीस वर्षे मी वाट पाहत होतो.

"जीभ वळत नाही गं," बाई म्हणाल्या. "तू आहेस समोर. नीट आहेस. आणि मी आता ते मोडलं आणि... नको. उद्या. उद्या नक्की."

"मला काही होत नाही, आई," लेक म्हणाली.

आई. किती वर्षांनी! पलंगावरून एक सुकलेला हात खाली आला आणि लेकीच्या केसांत फिरला. पण नाव आले नाही. दुसऱ्या दिवशीही बाई म्हणाल्या, "उद्या." तिसऱ्या दिवशी त्यांनी ओठ उघडले, मिटले आणि त्या रडल्या. चौथ्या दिवशी सकाळी चर्चची घंटा वाजत असताना बाई गेल्या. पत्र उशीखालीच होते.

मित्रांनो, मला फार वाईट वाटले. अजून वाटते. जिला वाचवायला त्यांनी ते वचन दिले, तिलाच ते आयुष्यभर टोचत राहिले, आणि सोडवायला आलेला कागद हातात असूनही बाईंना भीतीतून सुटता आले नाही. दफनाआधी घरी इतकी माणसे आली की अंगण पुरले नाही. केवढे तरी बूट, चपला, कुबड्या. मी त्यांतले कितीतरी पाय ओळखले.

घर आवरताना लेकीने माझा डुगडुगणारा पाय पाहिला आणि सुताराला बोलावले. सुतारकाकांचा मुलगा आला. त्याने मला उलटे केले, सुलटे केले आणि खळग्यांवरून अंगठा फिरवला.

"पाय बसवून देतो. आणि वरून रंधा मारतो, ताई. हे खड्डे गेले की नव्यासारखा दिसेल."

"पाय बसवा," ती म्हणाली. "रंधा नको."

तो गेल्यावर तिने मला खिडकीखाली ठेवले. मग गुडघे टेकले. तिचे गुडघे आईच्यापेक्षा मोठे आहेत, तरी त्या खळग्यांत बरोबर बसले. तिने वही उघडून पहिल्यापासून वाचायला घेतली. मागणे काय मागायचे ते तिला ठाऊक नव्हते, म्हणून ती नुसती नावे घेत गेली. सोळानंतर क्षणभर थांबली आणि अठरा म्हणाली. आईसारखेच. शेवटचे नाव झाले. वही मिटली.

ती उठली नाही.

तिला काहीतरी आठवत होते. बाहेर उंबरा, घसरलेले मोजे, भूक, नावे संपली तरी न उठणारी आई. माझ्यावर तिचे वजन हळूहळू वाढत गेले. इतके जड मी फक्त एकाच माणसाला ओळखत होतो.

"ते माझं होतं," ती म्हणाली. "रोज. शेवटचं ते माझं होतं."

आणि मग ती आईला हाका मारमारून रडली.

आता मी तिच्या घरी आहे, दूरच्या शहरात, तिच्या खिडकीखाली. ती चर्चला जाते की नाही ते मला ठाऊक नाही, माझ्यावर मात्र रोज गुडघे टेकते. मित्रांनो, माझे तुमच्याकडे दोन गोष्टींचे मागणे आहे. घरात एखादी जुनी वस्तू झिजलेली दिसली, तर रंधा मारण्याआधी ती कोणाच्या कशाने झिजली ते विचारा. आणि ज्याचे नाव तुम्ही मनातल्या मनात सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत जड होऊन घेता, त्याला ते एकदा ऐकू जाईल असे घ्या. उद्यावर टाकू नका. मी लाकूड आहे, मला बोलता आले नाही. तुम्हांला येते.